भरावयुक्त पीटीएफई संमिश्रांची धातूवरील झीज : प्रकल्प नोंदी

५ फेब्रुवारी २०२४

तेलाशिवाय चालणाऱ्या कॉम्प्रेसरच्या पिस्टनवर बसणाऱ्या रायडर रिंगसाठी कोणते पीटीएफई (टेफ्लॉन) संमिश्र निवडावे, हा या प्रकल्पाचा प्रश्न आहे. या रिंगला पिस्टनचा भार पेलत धातूच्या सिलिंडरवर कोरडेच घासत राहावे लागते आणि वंगण म्हणून जे काही मिळायचे ते तिच्या स्वतःच्या पदार्थातूनच मिळते. रॉय प्लंकेट यांना १९३८ मध्ये सापडलेल्या या पॉलिमरचा घर्षण गुणांक मंद गतीला ०.०५ ते ०.१० इतका कमी असतो, आणि तरीही शुद्ध स्वरूपात तो अशा कामाला चालत नाही, कारण तो फार झपाट्याने झिजतो. कमी घर्षण म्हणजे कमी झीज, असे अनेकजण धरून चालतात. या पदार्थाच्या बाबतीत ते मुळीच खरे नाही. त्याच्या रेणूसाखळ्या गुळगुळीत असतात आणि स्फटिकांचे पातळ थर पत्त्यांच्या कॅटमधल्या पत्त्यांसारखे एकमेकांवरून सरकतात. घर्षण कमी राहते ते याच कारणाने आणि पदार्थ पापुद्र्या-पापुद्र्याने निघून जातो तोही याच कारणाने.

सुरुवातीच्या यादीत शुद्ध पीटीएफई, २५ टक्के काचतंतू, २५ टक्के कार्बन आणि ६० टक्के ब्राँझ हे चार नमुने आहेत. हे टक्के वजनाचे आहेत आणि व्यापारात ते तसेच सांगितले जातात, परंतु घासणाऱ्या पृष्ठभागाला वजनाशी काही देणेघेणे नसते. तिथे किती जागा फिलरने, म्हणजे पीटीएफईत मिसळलेल्या भराव पदार्थाने, व्यापली आहे, याला महत्त्व असते. म्हणून आज घनता घेऊन हिशेब केला. पीटीएफईची घनता २.१६, काचेची २.५५, कार्बनची १.८ आणि ब्राँझची ८.८ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर धरली, तर काचतंतू आकारमानाने २२ टक्के, कार्बन सुमारे २९ टक्के आणि ब्राँझ २७ टक्के भरतो. कागदावर २५ आणि ६० असे दूरदूर दिसणारे आकडे प्रत्यक्षात एकमेकांच्या बरेच जवळ आहेत, हे पुढची तुलना करताना सतत लक्षात ठेवावे लागेल.

९ फेब्रुवारी २०२४

भुकटी साच्यात दाबून नमुने तयार केले आणि ३७० अंश सेल्सियसला सिंटर केले, म्हणजे भाजून एकजीव केले. पीटीएफई ३२७ अंशांच्या आसपास वितळते खरे, पण वितळलेल्या अवस्थेतही ते वाहत नाही. त्यामुळे इतर प्लास्टिकसारखे ते इंजेक्शन यंत्रातून साच्यात भरता येत नाही आणि धातूच्या भुकटीसारखीच त्याची दाब-आणि-भाजणी करावी लागते. भट्टीवर धूर ओढून घेणारी व्यवस्था चालू होती. या कामात धूम्रपानाला सक्त मनाई ठेवली आहे, कारण पीटीएफईची धूळ जळत्या सिगारेटवर पडली की तिच्या वाफेने ताप येतो.

थंड करण्याचा वेग मुद्दाम मंद ठेवला. मंद थंडाव्यात स्फटिकांचे प्रमाण वाढते, आणि नमुन्या-नमुन्यांत ते वेगवेगळे राहिले तर झिजेतला फरक फिलरमुळे आला की थंडाव्यामुळे, हे सांगता येणार नाही.

१२ फेब्रुवारी २०२४

सर्व नमुन्यांची घनता पाण्यात बुडवून मोजली आणि हिशेबाने येणाऱ्या २.२५, २.०६ व ३.९५ या घनतांशी ताडून पाहिली. काचतंतूच्या एका तुकड्याची घनता स्पष्टपणे कमी आली. आत पोकळ्या राहिल्या आहेत. तो बाजूला काढला.

१५ फेब्रुवारी २०२४

यंत्र पिन-ऑन-डिस्क प्रकारचे आहे, म्हणजे नमुन्याची पिन फिरत्या धातूच्या चकतीवर दाबून घासली जाते. पिनचा व्यास १० मिलिमीटर आणि भार ५० न्यूटन, म्हणजे संपर्कावरचा दाब सुमारे ०.६४ मेगापास्कल. घासण्याचा पट्टा ६० मिलिमीटर व्यासाचा असल्याने सेकंदाला १ मीटर वेगासाठी चकती मिनिटाला ३१८ फेरे फिरवावी लागते. चकती बेअरिंगच्या कठीण पोलादाची, ६० रॉकवेल सी कठीणतेची, आणि ग्राइंडिंग करून ०.२ ते ०.३ मायक्रॉन सरासरी खडबडीतपणावर आणलेली आहे. या चाचणीच्या एएसटीएम जी९९ या मानकात ०.८ मायक्रॉनपर्यंतची मुभा आहे, परंतु पीटीएफईसाठी ती फार सैल आहे असे माझे मत आहे. पृष्ठभाग फार खरखरीत असेल तर तो पॉलिमर कानशीसारखा खरवडून काढतो, आणि आरशासारखा गुळगुळीत असेल तर निघालेल्या पॉलिमरला धरून राहायला आधारच मिळत नाही.

मोजमापाची मर्यादा आधीच ठरवून घेतली. झीजदराचे एकक मी 'दर दशलक्ष न्यूटन-मीटरमागे घन मिलिमीटर' असे ठेवत आहे, म्हणजे आकडे हाताळायला सोपे जातात. एका तासात अंतर ३,६०० मीटर आणि भार-अंतराचा गुणाकार ०.१८ दशलक्ष न्यूटन-मीटर होतो. ज्या संमिश्राचा झीजदर १ आहे त्याची तासाभरात फक्त ०.१८ घन मिलिमीटर, म्हणजे साधारण ०.४ मिलिग्रॅम झीज होईल. वजनकाटा ०.१ मिलिग्रॅमपर्यंत वाचतो. तेव्हा तासाभराच्या चाचणीतून चांगल्या संमिश्राबद्दल बोलण्यात अर्थ नाही. तिथे रात्रभर यंत्र चालवावे लागेल.

१६ फेब्रुवारी २०२४

शुद्ध पीटीएफईची चाचणी. अपेक्षेप्रमाणे झीजदर काहीशेंच्या घरात आला आणि वजनातली घट काट्यावर सहज दिसली. ५०० चा दर धरला तर तासाला ९० घन मिलिमीटर जातात आणि पिन एक मिलिमीटरहून अधिक आखूड होते. घर्षण गुणांक मात्र पुस्तकी ०.०५ नव्हता, तो ०.२ च्या वर होता. या पदार्थाचे ते कमी घर्षण सेकंदाला साधारण १ सेंटिमीटरहून मंद गतीतच मिळते. वेग वाढला की साखळ्यांना सरकून रांगेत यायला वेळ पुरत नाही, घर्षण वाढते आणि पापुद्रे मोठे निघू लागतात.

चकतीभोवती पडलेला कचरा जपून ठेवला आहे. पांढऱ्या, चपट्या, डोळ्यांना सहज दिसणाऱ्या चकत्या आणि फिती आहेत. चिमट्याने उचलल्या तर मऊ लागतात आणि कागदाला चिकटतात. चकतीवरचा थर जाड, तुटक आणि ढेकळांचा आहे, बोटाने पुसला तरी निघतो.

२१ फेब्रुवारी २०२४

काचतंतू, कार्बन आणि ब्राँझ या तिन्हींच्या पहिल्या लांब चाचण्या पूर्ण झाल्या. तिन्हींचा स्थिर झीजदर एक आकडी आला, म्हणजे शुद्ध पीटीएफईच्या तुलनेत शंभर पटींहून अधिक सुधारणा. कचरा बारीक भुकटीसारखा आहे, फिती कुठेच नाहीत. चकतीवर हस्तांतरित झालेला थर पातळ, सलग आणि चिवट आहे. चिकटपट्टी लावून ओढली तरी त्यातला फारच थोडा निघून येतो.

फिलर भार पेलतो म्हणून झीज कमी होते, हे स्पष्टीकरण सर्वत्र दिले जाते आणि ते चूक नाही, पण मला ते अपुरे वाटते. फिलर मोठा पापुद्रा सुटू देत नाही, म्हणून कचरा बारीक होतो. बारीक कचरा पोलादाच्या ओरखड्यांत जाऊन बसतो, म्हणून थर पातळ आणि घट्ट होतो. आणि एकदा तो थर बसला की पिन पोलादावर घासतच नाही, ती स्वतःच्याच पदार्थाच्या थरावर घासते. मेकिन्सन आणि टॅबर यांनी १९६४ मध्ये पीटीएफईच्या या हस्तांतराचा अभ्यास मांडला, तेव्हापासून या थराचे महत्त्व सर्वमान्य आहे. तरीसुद्धा तांत्रिक पत्रकात झीजदर हा घनता किंवा वितळणबिंदू यांच्या रांगेत, जणू पदार्थाचा स्वतःचा गुणधर्म असावा तसा छापला जातो. या नोंदींतून मला प्रामुख्याने हेच तपासायचे आहे की चकती आणि हवा बदलली तर तो आकडा किती टिकतो.

२३ फेब्रुवारी २०२४

पिनची उंची सतत मोजणाऱ्या सेन्सरने सुरुवातीच्या अर्ध्या तासात पिन आखूड होण्याऐवजी लांब झाल्याचे दाखवले. हा उष्णतेचा परिणाम आहे. घर्षण गुणांक ०.२ धरला तर संपर्कात १० वॅट उष्णता निर्माण होते. त्यातली बहुतेक पोलादाच्या चकतीत जाते, कारण पीटीएफईची उष्णतावाहकता जेमतेम ०.२५ वॅट प्रति मीटर-केल्विन आहे. पण पिन तरीही तापते. शुद्ध पीटीएफईचा प्रसरण गुणांक दर अंशाला दशलक्षात सुमारे १२५ भाग आहे. धारकाबाहेर आलेली १२ मिलिमीटर लांबी २० अंशांनी तापली तर ती ३० मायक्रॉनने वाढते, आणि पिनच्या क्षेत्रफळाने गुणले तर हे २.३६ घन मिलिमीटर होतात. फिलरमुळे प्रसरण काहीसे कमी होते, पण परिणाम त्याच पातळीचा राहतो. झीजदर १ असलेल्या संमिश्राला तेवढे झिजायला तेरा तास लागतील. भाराखाली पीटीएफई हळूहळू दबते ते वेगळेच, आणि तेव्हा उंची कमी होते पण एक कणही गेलेला नसतो.

शिवाय १९ अंशांच्या आसपास पीटीएफईच्या स्फटिकरचनेत बदल होतो आणि आकारमान एक टक्क्याहून अधिक बदलते. खोलीचे तापमान रात्री त्या बिंदूखाली घसरले तर उंचीच्या आलेखाला काहीच अर्थ राहणार नाही. खोली २५ अंशांना स्थिर ठेवली आहे आणि झीज यापुढे केवळ वजनावरून काढली जाईल. उंचीचा आलेख फक्त एखादा अचानक बदल टिपण्यासाठी वापरायचा.

२६ फेब्रुवारी २०२४

वजनकाट्याचे आकडे स्थिर होत नव्हते. पीटीएफईवर स्थिर विद्युतभार सहज साचतो आणि तो काट्याच्या पेटीच्या भिंतींकडे ओढला जातो, त्यामुळे आकडा मिलिग्रॅमच्या घरात भटकत राहतो. आयनायझरसमोर (स्थिर विद्युतभार घालवणाऱ्या उपकरणासमोर) पिन धरून मग वजन केले की आकडा बसतो. वजनाआधी पिनच्या मागच्या कडेला लोंबणारी पातळ कोर मऊ ब्रशने काढून टाकायची. ती मूळ पदार्थापासून सुटलेली असते आणि तिला झीजच मानले पाहिजे.

४ मार्च २०२४

घर्षणबलाच्या आलेखात एक नियमित लाट आहे. चकतीच्या प्रत्येक फेऱ्यात ती दोनदा वर जाते आणि दोनदा खाली येते. चकती किंचित तिरकी बसली असती तर लाट फेऱ्यागणिक एकदाच आली असती, म्हणून कारण दुसरे असावे. चकती भिंगाखाली पाहिल्यावर ते दिसले: ग्राइंडिंगचे ओरखडे सर्व एकाच दिशेने आहेत. गोल पट्ट्यावर फिरताना पिन एका फेऱ्यात दोनदा ओरखड्यांना समांतर आणि दोनदा काटकोनात जाते. काटकोनात असताना कडा पॉलिमर खरवडतात आणि ओरखडे भरतात. समांतर असताना ओरखड्यात बसलेला पॉलिमर लांबच्या लांब ओढला जातो. पट्ट्यावरच्या या चार जागांचा रंगही वेगळा आहे, काटकोनाच्या जागी थर गडद आणि दाट.

एकाच चकतीवर, एकाच पिनखाली, काही सेंटिमीटर अंतरावर थर बदलतो आणि त्याबरोबर घर्षण बदलते, याहून स्पष्ट पुरावा मला नको होता. पुढील चकत्यांवर शेवटी सर्व दिशांनी फिरवून पॉलिश करायचे, म्हणजे ओरखड्यांना एकच दिशा राहणार नाही.

७ मार्च २०२४

नव्या चकत्यांवर तिन्ही संमिश्रांच्या चाचण्या पुन्हा लावल्या. फेऱ्यागणिक येणारी दुहेरी लाट जवळजवळ नाहीशी झाली.

१३ मार्च २०२४

झिजलेले आकारमान अंतरासमोर मांडले की रेषा सुरुवातीला चढी आणि मग सौम्य होते. सुरुवातीचा भाग रुळण्याचा काळ आहे: ओरखडे भरत असतात, थर अजून सलग झालेला नसतो. आर्चर्ड यांनी १९५३ मध्ये मांडलेला नियम, म्हणजे झीज ही भार आणि अंतर यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते, तो नंतरच्या सरळ भागालाच लागू करता येतो. एकूण झीज भागिले एकूण अंतर असा सरसकट भागाकार केला, तर छोट्या चाचणीत रुळण्याच्या काळातली झीज मोठा वाटा घेते आणि चांगले संमिश्र उगाच वाईट ठरते. त्यामुळे झीजदर म्हणून दुसऱ्या भागाचा उतारच नोंदवत आहे, आणि रुळण्यात गेलेले आकारमान त्याच्या शेजारी स्वतंत्र स्तंभात. रिंगच्या दृष्टीने हा दुसरा आकडाही कामाचा आहे, कारण पिस्टन बसवल्यानंतर पहिल्या काही दिवसांत फट किती वाढेल हे त्यावरून कळते.

ब्राँझच्या पिनबाबत एक सावधगिरी. तिची घनता ३.९५ असल्याने तेवढ्याच मिलिग्रॅमची घट म्हणजे काचतंतूच्या पिनच्या साधारण ५७ टक्केच आकारमान. वजनाच्या घटीची थेट तुलना केल्याने ब्राँझ विनाकारण मागे पडलेला दिसतो. उष्णता वाहून नेण्यातही तो सरस आहे. मात्र रासायनिक हल्ला करणारा वायू असेल तिथे तो वापरता येत नाही.

१९ मार्च २०२४

चकती बदलली. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची, ॲनोडाइझ न केलेली (वर कठीण ऑक्साइडचा थर न चढवलेली) चकती लावून काचतंतूचे संमिश्र चालवले. पोलादावर उत्तम ठरलेल्या याच पिनने इथे तासाभरात खोल चरे पाडले. पांढरट-करड्या कचऱ्याचे रूपांतर जवळजवळ काळ्या भुकटीत झाले, म्हणजे त्यात आता धातूही मिसळला आहे. काचतंतूंची टोके मऊ धातू कापतात, सुटलेले धातूचे कण पिनमध्ये रुततात आणि मग पिन चकतीला आणि चकती पिनला झिजवत राहते. थर बसायला उसंतच मिळत नाही, कारण ज्या पृष्ठभागावर तो बसायचा तोच दर फेऱ्याला खरवडला जातो.

पॉलिइमाइडची भुकटी असलेले संमिश्र त्याच प्रकारच्या चकतीवर लावले. हा फिलर स्वतः पॉलिमर असल्याने धातूला कापत नाही. चकतीवर मंद तपकिरी झाक असलेला सलग थर बसला आणि बाजूचा मूळ धातू जसाच्या तसा राहिला. पोलादावर हेच संमिश्र काचतंतूच्या मागे होते. एका चकतीवर पहिला आलेला दुसऱ्या चकतीवर शेवटचा आला, आणि पिन तर दोन्हीकडे तीच होती.

२७ मार्च २०२४

पाच टक्के अतिसूक्ष्म अल्फा ॲल्युमिनाचे (ॲल्युमिनियम ऑक्साइडचे) संमिश्र तुलनेसाठी मागवले होते, ते पोलादावर चालवले. या प्रकाराने पीटीएफईची झीज हजारो पटींनी कमी होते हे बरिस आणि सॉयर यांनी २००६ मध्ये दाखवले आहे. आमच्या चाचणीतही वजनातली घट इतकी कमी आहे की यंत्र अनेक दिवस चालवल्याशिवाय आकडा नोंदवणे योग्य होणार नाही. पिनच्या तळावर आणि चकतीवर विशिष्ट तपकिरी रंग आला. हा रंग धूळ किंवा गंज नाही. घासताना पीटीएफईच्या साखळ्या तुटतात, तुटलेली टोके हवेतील ऑक्सिजन आणि ओलावा यांच्याशी संयोग पावून कार्बोक्सिलिक आम्लाचे गट तयार करतात आणि हे गट धातूला रासायनिक बंधाने धरतात. थर पोलादाला केवळ अडकलेला नसतो, तो त्याला जोडला गेलेला असतो.

याचा अर्थ असा की या संमिश्राचे यश खोलीतल्या दमटपणावरही अवलंबून आहे. कॉम्प्रेसरमधला वायू कोरडा असणार.

३ एप्रिल २०२४

चाचणीची पेटी बंद करून आत कोरड्या नायट्रोजनचा प्रवाह सोडला. पहिल्यांदा कार्बनचे संमिश्र. दमट हवेत शांत चालणाऱ्या या पिनचा घर्षण गुणांक चढला, चकतीवरचा थर ठिकठिकाणी सुटला आणि काळी भुकटी पडू लागली. झीजदर कित्येक पटींनी वाढला. ग्रॅफाइटच्या थरांचे सरकणे त्यांच्या कडांवर चिकटलेल्या पाण्याच्या वाफेमुळे सुलभ होते, ही गोष्ट दुसऱ्या महायुद्धात उंचावरून उडणाऱ्या विमानांतील जनित्रांचे कार्बन ब्रश काही तासांत भुकटी होऊ लागल्यावर ठळकपणे समोर आली, आणि आर. एच. सॅव्हेज यांनी त्या दशकात तिचा पद्धतशीर अभ्यास केला. आपल्या संमिश्रातला कार्बन पूर्ण ग्रॅफाइट नाही, तरी वागणूक त्याच दिशेची आहे.

ॲल्युमिनाच्या संमिश्राचेही तसेच झाले, किंबहुना त्याची घसरण अधिक मोठी आहे, आणि तपकिरी रंग आलाच नाही.

८ एप्रिल २०२४

१५ टक्के काचतंतू आणि ५ टक्के मॉलिब्डेनम डायसल्फाइड असलेले संमिश्र नायट्रोजनमध्ये चालवले. मॉलिब्डेनम डायसल्फाइड ग्रॅफाइटच्या उलट वागते. ते कोरड्या वातावरणात आणि निर्वातात चांगले चालते आणि ओलाव्यात बिघडते. थर सलग राहिला, घर्षणाची रेषा सपाट आली आणि झीजदर एक आकडीच राहिला. दमट हवेत हे संमिश्र यादीत मधोमध होते. कोरड्या वायूत ते सर्वांच्या पुढे आहे.

१२ एप्रिल २०२४

शिफारशीचा तक्ता तयार केला. त्यात संमिश्राच्या नावापुढे झीजदराचा एकच आकडा लिहिण्याची पद्धत मी सोडून दिली आहे. प्रत्येक आकड्यासोबत चकतीचा धातू, तिची कठीणता व खडबडीतपणा, वायूतील ओलावा, रुळण्यात गेलेले आकारमान आणि स्थिर उतार ज्या अंतरात मोजला ते अंतर, एवढे सर्व त्याच ओळीत असेल. कठीण पोलादी किंवा बिडाच्या सिलिंडरसाठी, वायू कोरडा असल्यास, काचतंतू आणि मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे संमिश्र. साधी दमट हवा दाबायची असल्यास कार्बनचे. ॲनोडाइझ न केलेल्या ॲल्युमिनियमसाठी पॉलिइमाइडचे, आणि तिथे काचतंतू कोणत्याही प्रमाणात नको.

एक प्रश्न मात्र पिन-ऑन-डिस्क यंत्रावर सुटणारा नाही. चकती एकाच दिशेने फिरते आणि थर त्याच दिशेने ओढला जातो. पिस्टन मात्र प्रत्येक फेरीत दोनदा उलटतो आणि टोकांना त्याचा वेग शून्य होतो. उलटण्याच्या जागी थर सोलला जातो का, हे पुढे-मागे सरकणाऱ्या यंत्रावर पाहायचे आहे. त्या यंत्रासाठी सिलिंडरच्याच बिडातून कापलेल्या पट्ट्या होनिंगसाठी (घर्षक दगडाने बारीक घासून घेण्यासाठी) पाठवल्या आहेत. होनिंगचे ओरखडे प्रत्यक्ष सिलिंडरमध्ये असतात त्याच कोनात ठेवण्यास सांगितले आहे.